साच्याच्या आतलं

लंडन,
१६ नोव्हेंबर

ती. अप्पा आणि आईस,
सा. न. वि. वि.

फोन केला की अप्पा 'बरी आहेस ना? घे, आईशी बोल' एवढ्यावर सुटतात, म्हणून हे पत्र. शिवाय एक कबुली द्यायची आहे, आणि ती तोंडावर द्यायची हिंमत नाही.

नऊ इंची गणपतीचा माळ्यावरचा जुना प्लास्टरचा साचा सापडत नाही म्हणून धाकट्या काकांना बोलणी खावी लागली ना, तो माझ्याकडे आहे. दोन्ही भाग. आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून हातातल्या बॅगेतून आणला. मुंबई विमानतळावर तपासणीवाल्याने साडी सोडली, साचा उलटसुलट केला, आत पोकळ सोंड दिसली तेव्हा काही न बोलता स्वतःच परत गुंडाळून दिला. काकांना सांगा, माझं चुकलं. साचा मात्र इतक्यात परत मिळणार नाही. का, ते सांगते.

इथल्या कॉलेजातलं पहिलं काम म्हणून मी मातीकामासारखाच एक हात केला होता. आशीर्वादाचा नाही, साधा, चहाचा कप धरलेला. घरी शिकले तसा घासून पुसून, नखाच्या कडेपर्यंत. आमचे सर त्याच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, फारच सफाईदार आहे. पेणमध्ये हे कुणी म्हटलं असतं तर तुम्ही त्याला चहा पाजला असता. इथे ती तक्रार होती. हात चांगला आहे, पण तो मी का केला, हे त्यांना कळेना. मलाही सांगता येईना. आपल्याकडे 'का' हा प्रश्न येतच नाही, भाद्रपद येतो. त्या दिवशी खोलीवर येऊन मी दोन तास झोपले आणि उठून भात केला.

मग ग्रंथालयात एका घराचे फोटो सापडले. अप्पा, हे नीट वाचा, हे तुमच्या धंद्यातलं आहे. रेचल व्हाइटरीड नावाची शिल्पकार. तिने १९९३ मध्ये पूर्व लंडनमधल्या ग्रोव्ह रोडवर पाडायला काढलेलं एक जुनं घर घेतलं, आतून सगळ्या भिंतींवर काँक्रीट फवारलं, ते आळल्यावर बाहेरच्या विटा उतरवल्या. म्हणजे अख्ख्या घराचाच साचा केला आणि माल निघाल्यावर साचा फोडून टाकला. उरली ती आतली हवा, घट्ट झालेली. शेकोटीचा कोनाडा बाहेर आलेला, खिडक्या फुगलेल्या, दारांच्या चौकटी उलट्या. फोटो पाहताना मला पहिल्यांदा वाटलं की या गावात मी ओळखत असलेलं काहीतरी आहे.

पुढची गोष्ट तुम्हाला आवडेल. त्याच वर्षी तिला टर्नर पारितोषिक, म्हणजे इथलं कलेतलं मोठं बक्षीस, मिळालं, वीस हजार पौंड, आणि हे मिळवणारी ती पहिली बाई. त्याच दिवशी नगरपालिकेने ते घर पाडायचा ठराव केला. शिवाय एका टोळक्याने तिला वर्षातली सगळ्यात वाईट कलाकार ठरवून चाळीस हजार दिले, बरोबर दुप्पट. जानेवारी १९९४ मध्ये घर पाडलं. जेमतेम तीन महिने उभं होतं. आपला माल दीड दिवसात पाण्यात जातो, त्यामुळे मला त्याचं फार वाईट वाटलं नाही, पण वर्गातल्या सगळ्यांना वाटतं.

मागच्या रविवारी मी ती जागा बघायला गेले. बसने तासभर. तिथे गवत आहे. एक बाई कुत्र्याला घेऊन फिरत होती, तिने विचारलं काही हरवलंय का. नसलेलं घर बघायला आलेय, हे सांगायला माझं इंग्रजी पुरेना. फोटोंशी ताडून साधारण इथे जिना असेल, असं ठरवून मी एका जागी उभी राहिले, डबा खाल्ला आणि परत आले. (आई, थालीपीठ. भाजणी संपत आली आहे.)

सगळंच आवडतं असं समजू नका. टेट मॉडर्न म्हणून मोठं संग्रहालय आहे, जुन्या वीजघरात २००० साली सुरू झालेलं. आत जायला पैसे नाहीत, म्हणून मी सारखी जाते. त्याच्या मूळ संस्थेने, टेटने, १९७२ मध्येच कार्ल आंद्रे या अमेरिकन शिल्पकाराच्या एकशेवीस भट्टीच्या विटा विकत घेतल्या, दोन थरांत मांडलेल्या, बस्स. चार वर्षांनी पेपरवाल्यांनी आरडाओरडा केला, एकाने त्यांवर निळा रंग ओतला. मी त्याबद्दल पुष्कळ वाचलं, समजलंही, तरी माझ्यासाठी त्या विटाच राहिल्या.

पण त्याच इमारतीत एक तडा आहे. डोरिस साल्सेदो या कोलंबियाच्या बाईने २००७ मध्ये तिथल्या टर्बाइन हॉलची जमीन चिरली, एकशेसदुसष्ट मीटर. सुरुवातीला केसाएवढी, पुढे पाय अडकेल एवढी. युरोपात बाहेरून येणाऱ्यांना जे वागवलं जातं त्याबद्दलचं ते काम. प्रदर्शन संपल्यावर भेग भरून घेतली, पण खूण राहिली. त्या भरावावरून मी बुटाच्या टोकाने चालत गेले. मूर्तीला तडा गेला की तुम्ही लांबी भरून, घासून, वर रंग मारता आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. तुम्हाला मात्र दिसत राहतो, आरतीच्या वेळीसुद्धा. टेटवाल्यांनी तो लपवला असता तर मला ते काम अर्धंच कळलं असतं.

त्याच हॉलमध्ये २०१० मध्ये आय वेवे या चिनी कलाकाराने सूर्यफुलाच्या बिया पसरल्या होत्या. चिनी मातीच्या, दहा कोटी, प्रत्येक बी हाताने रंगवलेली. चीनमधल्या जिंगदेझेन या गावातल्या सोळाशे लोकांनी दोन वर्षांहून जास्त काळ त्या केल्या. लोकांनी त्यांवरून चालावं अशी कल्पना होती, पण धूळ छातीत जाईल म्हणून काही दिवसांत चालणं बंद केलं. वर्गात यावर तासभर चर्चा झाली. चीन, गर्दी, एकटा माणूस, हुकूमशाही. माझ्या डोळ्यांपुढे आपल्या पडवीत ओळीने बसलेल्या मावश्या आणि वहिनी. मी विचारलं, त्या सोळाशेंची नावं कुठे आहेत? सर म्हणाले, चांगला प्रश्न. इथे 'चांगला प्रश्न' म्हटलं की उत्तर द्यावं लागत नाही.

आणि अप्पा, धुळीवरून आठवलं. इथे प्लास्टरच्या खोलीत मास्कशिवाय पाऊल टाकलं की टेक्निशियन बाहेर काढतो, भले तुम्ही कुणी का असेना. तुमचा सकाळचा खोकला सर्दीचा नाही. रुमाल बांधून भागत नाही. पेटीभर मास्क दादाकडून मागवून घ्या, आणि सगळ्यांना द्या, फक्त स्वतः लावून बसू नका.

आता साच्याचं. त्यात मी कॉलेजची लाल माती दाबली (शाडू इथे नाही, ही चरचरीत आहे, सोंडेच्या वळणात जायला नको म्हणते). दोन्ही भाग जोडले. एरवी आपण इथे थांबतो, सुकवतो, काढतो. मी तो उलटा धरून बुडातून आतल्या पोकळीत प्लास्टर ओतलं. आळल्यावर साचा उघडला आणि माती बादलीत, पाण्याखाली हळूहळू सोडवली. आई, तू या ओळीवर कपाळाला हात लावशील. प्रतिष्ठा झाली नव्हती, माती होती, मी मनातल्या मनात तुझ्या आवाजात माफी मागितली.

(पहिल्या खेपेला उरलेलं प्लास्टर मी खोलीवरच्या सिंकमध्ये धुतलं. सात वर्षांच्या मुलालासुद्धा आपण जे सांगतो, तेच मी केलं. प्लंबरचे पैसे चौघींत वाटून भरले, तिघी अजून पूर्ण वाक्यात बोलत नाहीत.)

जे निघालं ते मी सांगायचा प्रयत्न करते. गणपती आहे असं लांबून वाटतं, म्हणजे बसलेलं, पोटाशी फुगलेलं काहीतरी. डोळे नाहीत, दागिने नाहीत, कारण ते सगळं साच्याच्या बाजूला. आतल्या बाजूला असतात ती फक्त माती दाबणारी बोटं. ती खळगे करून जातात, आणि प्लास्टरमध्ये त्या खळग्यांचे उंचवटे झाले. अंगभर बोटांची टोकं. शेकडो. अंगठ्याच्या रेषासुद्धा आल्या. जन्मभर मूर्त्या पाहिल्या, पण हे प्रत्येकीच्या पोटात असतं, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

क्रिटला ठेवलं. क्रिट म्हणजे सगळ्यांनी गोल करून बोलायचं आणि करणारीने गप्प बसायचं. सुरुवात देवापासून झाली, अनुपस्थित देव, मूर्तिभंजन, वगैरे. मला नुसता कारखाना म्हणायचा होता. शेवटी एक मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, जवळ वाकून बघत म्हणाली, ही बोटं कुणाची? मी म्हटलं, माझी. आणि म्हणतानाच कळलं की इथेच चुकलं. मी दोन महिने नावं कुठे म्हणून भांडतेय, आणि दुसऱ्यांचं काम स्वतःच्या बोटांनी करून ठेवलंय.

म्हणून हे मागणं. फाल्गुनात परदेशी माल निघेल तेव्हा इंग्लंडच्या पेट्यांत माझ्यासाठी सहा मूर्त्या टाका. नऊ इंचीच, शाडूच्या, कच्च्या, न रंगवलेल्या, बुड उघडं ठेवून. आत बोट फिरवून कुणीही सारखं करायचं नाही. सहा जणींनी एकेक दाबायची, हमरापूरच्या मावशींपासून नव्या वहिनीपर्यंत. सुकल्या मातीत प्लास्टर कसं वागेल ते बघावं लागेल, आधी आत साबण फिरवीन. बोटांवरून कुणाची कुठली ते तुम्हाला कळेल, मला नाही कळणार, म्हणून प्रत्येकीच्या खाली चिठ्ठी हवी. पण चिठ्ठी लिहायच्या आधी त्यांना विचारा. इथे नाव भिंतीवर लागेल, आणि एखादीला नको असेल.

आणखी एक. साच्याच्या मागच्या भागावर, बाहेरून, खिळ्याने 'ना' कोरलंय. आजोबांच्या नावात ते अक्षर नाही. कोण होते ते? आईला माहीत असेल तर तिने फोनवर सांगावं, तुम्ही नाहीतरी सांगणार नाही.

तुमची,
माई