शिवी ऐकलेल्या शिक्षकामागे शाळेने उभं राहावं

मा. संपादक,

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. गेल्या सत्रात नववीच्या एका मुलाला मोबाइल दप्तरात ठेव म्हटलं, तर त्याने भर वर्गात मला आईवरून शिवी दिली. त्याहून जास्त लागलं ते नंतरचं. मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न, ‘तुम्ही त्याला काय बोललात?’ मग सल्ला, की प्रकरण वाढवू नका, पालक गोंधळ घालतील. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच वर्गावर. शिवी दिली तरी काही होत नाही, हे एव्हाना चाळीस मुलांना कळलेलं.

छडी परत आणा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. मार खाल्लेलं मूल हात उगारायलाच शिकतं. हा मुलगा सातवीपासून अपूर्णांकांत अडकलाय, फळ्याशी बोलावलं की चिडतो, हे मला ठाऊक आहे. त्याला मदत हवीच. म्हणून शिक्षकाने अपमान गिळायचा का?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनेस्कोने 1966 मध्येच शिक्षकांच्या दर्जाविषयी शिफारस केली. पालकांच्या अवाजवी हस्तक्षेपापासून शिक्षकांना संरक्षण द्यावं, असं त्यात स्पष्ट आहे. याच कामगार संघटनेने 2019 मध्ये कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविरुद्ध करार केला. सोबतच्या शिफारशीत जास्त धोक्याच्या क्षेत्रांत शिक्षणाचंही नाव आहे. शाळा म्हणजे आमची कामाची जागा, हे मात्र शाळेतच कुणी मानत नाही.

माझ्या अपेक्षा फार नाहीत. घटनेची लेखी नोंद त्याच दिवशी व्हावी आणि नोंद केली म्हणून ‘वर्गावर नियंत्रण नाही’ असा शेरा शिक्षकाला मिळू नये. तेवढा तास दुसऱ्या कुणीतरी सांभाळावा. मुलगा वर्गात परतण्याआधी समुपदेशकासमोर आमचं दोघांचं बोलणं व्हावं. पालक येतील तेव्हा मुख्याध्यापक शेजारी बसलेले हवेत. नवीन लागलेल्या शिक्षकांना तर याची फारच गरज आहे. माझ्या एका तरुण सहकारी शिक्षिकेला मुलांनी मुद्दाम चिडवून तिचं चित्रीकरण केलं, ते सगळीकडे फिरवलं. ती आता नोकरी सोडायचं म्हणते आहे. भूमिती इतकी सुंदर शिकवणारी दुसरी व्यक्ती आमच्याकडे नाही.

पालकांनाही विनंती आहे. शाळेतून फोन आला, तर मुलाचं जरूर ऐका. पण शिक्षकाचंही ऐकून घेईपर्यंत व्हॉट्सअॅप गटावर काही लिहू नका.

– एक माध्यमिक शिक्षिका