बाथरूमच्या भिंतीला रंग देण्याआधी ओल शोधा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बाथरूमच्या भिंतीवरचा रंग फुगतो, त्याचे पोपडे निघतात आणि ते खरवडून नवा रंग दिला की थोड्याच काळात नेमक्या त्याच जागी पुन्हा फोड दिसू लागतात. ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की अनेक घरांत ती अटळच मानली जाते. यावर जे सल्ले छापून येतात ते बहुधा कोणता रंग घ्यावा आणि कोणती लांबी (पुट्टी) भरावी एवढ्यापुरतेच असतात. इमारतींच्या दुरुस्तीच्या कामावर देखरेख करणे हा माझा व्यवसाय असल्याने अशा भिंती मी सतत पाहत आलो आहे, आणि माझे ठाम मत असे आहे की भिंतीत पाणी कोणत्या बाजूने येते हे ठरल्याशिवाय रंगाचा डबा उघडूच नये. या मताची कारणे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावीत, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पाणी रंगापर्यंत दोन बाजूंनी पोहोचते. पहिली बाजू खोलीतल्या हवेची. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावते; तीच हवा २० अंशांपर्यंत थंड झाली तर तिच्यात सुमारे १७ ग्रॅमच मावते. गरम पाण्याने स्नान केल्यावर खोलीतील बाष्पाने भरलेली हवा थंड भिंतीला किंवा छताला लागते तेव्हा हे जास्तीचे बाष्प पाणी होऊन तेथे उतरते. हे रोज घडत राहिले आणि दोन स्नानांच्या मध्ये भिंत पूर्ण सुकली नाही, तर रंगाचा थर पाणी शोषून मऊ पडतो आणि त्याची पकड सुटत जाते. दुसरी बाजू भिंतीच्या आतली. गिलाव्यात गाडलेल्या नळाचा पाझरणारा जोड, शॉवरच्या टाइल्समधले झिजलेले सांधे, वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची उखडलेली जमीन किंवा बाहेरच्या भिंतीतील भेग, यांपैकी कोठूनही शिरलेले पाणी बाहेर पडण्यासाठी गिलाव्यातून पृष्ठभागाकडे येते आणि रंगाला मागून ढकलते. टाइल्स लावलेली भिंत जलरोधक असते हा समज या संदर्भात फार नुकसान करतो. टाइल्सच्या सांध्यांत भरलेल्या सिमेंटच्या मिश्रणातून पाणी आत झिरपते; ते अडवण्याचे काम टाइल्सखालच्या जलरोधक थराचे असते, आणि तो थर नसेल किंवा फाटला असेल, तर पुष्कळदा पोपडे बाथरूममध्ये न दिसता भिंतीच्या पलीकडच्या खोलीत दिसतात.

या दोन्हींतले नेमके काय घडते आहे हे ओळखणे अवघड नाही, आणि खेद वाटतो तो याचाच की हे पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. एखादा फोड धारदार पात्याने कापून त्याच्या आत पाहावे. आत उघडा गिलावा दिसला आणि तो दमट किंवा भुसभुशीत लागला, तर पाणी मागून येत असण्याची शक्यता मोठी आहे. आत जुन्या रंगाचा धड थर दिसला, तर नवा रंग जुन्यावर चिकटलेलाच नव्हता असे समजावे. दुसरी चाचणी प्लास्टिकच्या कागदाची. हातभर लांबीरुंदीचा जाड पारदर्शक कागद भिंतीच्या कोरड्या दिसणाऱ्या भागावर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि किमान एक दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या भिंतीकडील बाजूला दव जमले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडील बाजूला जमले तर दोष हवेतल्या बाष्पाचा आहे. नळाच्या पाझराचा संशय असेल तर घरातले सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा पाहावा. पाणी वापरात नसतानाही तो सरकत असेल, तर कोठेतरी गळती आहेच. सांडपाण्याच्या नळाची गळती मात्र मीटरवर दिसत नाही, म्हणून काटा स्थिर आहे एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये.

भिंतीवर पांढरी पूड दिसत असेल, म्हणजे लोणा लागला असेल, तर विशेष सावधगिरी हवी. पाण्याबरोबर विटा आणि सिमेंटमधले क्षार पृष्ठभागाकडे येतात आणि पाणी उडून गेल्यावर तेथे त्यांचे स्फटिक बनतात. त्यांतील सोडियम सल्फेटसारखा क्षार पाणी शोषून स्फटिकरूप घेताना आकारमानाने तिपटीहून अधिक वाढतो; रंग तर सोडाच, गिलाव्याचे पापुद्रेही तो उचलून टाकतो. अशी भिंत पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत जातात, म्हणून ती पूड कोरड्या ब्रशने झाडूनच काढावी.

आतल्या बाजूने जलरोधक रंगाचा जाड थर देऊन ओल दाबून टाकण्याचा जो उपाय सर्रास सुचवला जातो, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. मागून येणारे पाणी अशा थराने थांबत नाही. ते भिंतीत साठते, बाजूला किंवा वर सरकते आणि आजवर कोरड्या राहिलेल्या भागात नवे पोपडे उभे करते. गळती जेथून आत येते तेथेच ती बंद केली पाहिजे, मग त्यासाठी काही टाइल्स फोडाव्या लागल्या किंवा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी बोलावे लागले तरी चालेल.

गळती बंद झाल्यानंतरची पायरी वाट पाहण्याची आहे, आणि बहुतेक कामे येथेच बिघडतात. वरून कोरडी दिसणारी भिंत आतून अनेक आठवडे ओली असू शकते. नवा सिमेंटचा गिलावा केला असेल तर त्याला किमान २८ दिवस द्यावेत, कारण तो केवळ ओलाच असतो असे नाही, तर तीव्र अल्कधर्मीही असतो; अशा पृष्ठभागावर ऑइल पेंट दिल्यास त्यातील तेलाचा आणि अल्कलीचा संयोग होऊन अक्षरशः साबण तयार होतो आणि रंग चिकट होऊन सुटतो. प्लास्टिकच्या कागदाची चाचणी पुन्हा करून भिंत कोरडी असल्याची खात्री झाली की मगच पुढचे काम घ्यावे.

प्रत्यक्ष रंगकाम त्यामानाने सोपे आहे. सुटलेला रंग धड थर लागेपर्यंत खरवडावा, उरलेल्या रंगाच्या कडा पॉलिश पेपरने उतरत्या कराव्यात, आणि जुना रंग तुकतुकीत असेल तर त्याची चमक जाईपर्यंत तो घासावा. फार जुन्या इमारतींतील रंगात शिसे असू शकते, त्यामुळे तेथे कोरडे घासून धूळ उडवू नये. साबणाचा आणि तेलाचा थर धुऊन काढावा. बुरशी असल्यास एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी असे द्रावण खिडकी उघडी ठेवून लावावे, नंतर स्वच्छ पाण्याने पुसावे. हे ब्लीच संडास साफ करण्याच्या आम्लात किंवा अमोनिया असलेल्या द्रवात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. भिंत पुन्हा सुकल्यावर पाण्याने न विरघळणारी लांबी, अल्कली सहन करणारा प्रायमर आणि बाथरूमसाठी बनवलेल्या इमल्शनचे (पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे) दोन पातळ हात, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन, एवढे पुरे आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस येथे वापरूच नये. रंग हाताला कोरडा लागला तरी इमल्शनला पूर्ण कडक होण्यास काही आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला एक-दोन दिवस तरी तेथे गरम पाण्याचे स्नान टाळावे.

दोष हवेतल्या बाष्पाचा असेल तर एक्झॉस्ट फॅनकडे लक्ष द्यावे. तो स्नान चालू असताना आणि त्यानंतर सुमारे वीस मिनिटे चालला पाहिजे, त्याची हवा छताच्या पोकळीत न जाता थेट इमारतीबाहेर पडली पाहिजे, आणि दाराखाली थोडी फट हवी, कारण कोरडी हवा आत येण्यास वाट नसेल तर पंखा नुसता फिरत राहतो.

माझी विनंती घरमालकांना आणि रंगकामाच्या ठेकेदारांना आहे. दरपत्रकात रंगाचे नाव आणि हातांची संख्या लिहिली जाते, तशीच ओलीचे कारण काय आढळले, ते कसे दूर केले आणि भिंत किती दिवस सुकू दिली, हेही लिहिले जावे. आधीच्या कामात या गोष्टी पाहिल्याच गेल्या नव्हत्या, म्हणून तेच काम दुसऱ्यांदा करून घेणारी कुटुंबे मला वारंवार भेटतात.

आपला विश्वासू,
एक वाचक