चाचा, तुमच्यामुळं लोक खोलीवर टिकले

चाचा, सलाम. हे तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल आणि तुम्ही अर्ध्यातच "बस करो बेटा" म्हणाल, माहितीये मला. तरी लिहितेय. मी लातुरात बेघर निवाऱ्यात काम करते हे बऱ्याच जणांना माहिती असतं, पण तिथून बाहेर पडलेल्या माणसाच्या खोलीत पहिली कॉट कुठून येते हे कुणालाच माहिती नाही. ती तुमच्या जुन्या सामानाच्या दुकानातून येते.

निवाऱ्यात कॉट, गादी, पांघरूण सगळं मिळतं. सुप्रीम कोर्टानं २०१० साली मोठ्या शहरांना सांगितलं की लाख लोकसंख्येमागं एक निवारा पाहिजे, तो पण बारा महिने चोवीस तास उघडा. घरकुल बांधायला केंद्राचे दीड लाख येतात, पण ते ज्याच्या नावावर जागा आहे त्याला. आणि जी बाई धुणीभांडी करून पत्र्याची खोली भाड्यानं घेते, तिच्या खोलीत काय ठेवायचं ह्याला कुठल्याच फॉर्मात रकाना नाही.

मग काय होतं, माणूस चावी घेऊन जातो, पोतं अंथरून झोपतो, पीठ उंदीर खातात, पावसाळ्यात खालून ओल येते, विंचवाची भीती वेगळीच, आणि त्यात प्यायच्या-वापरायच्या पाण्याचा त्रास. आपल्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, आजही नळ काही रोज येत नाही, ज्याच्याकडं ड्रमच नाही त्यानं एका बादलीवर किती दिवस काढायचे? म्हणून काही जण परत स्टँडवर झोपायला यायचे आणि लोक म्हणायचे, ह्यांना उघड्यावरची सवय लागली. मला ह्या बोलण्याचा लई राग येतो.

तुमच्याकडं मी निवाऱ्यातल्या एका आज्जीसाठी कॉट मागायला आले तर तुम्ही किंमत नाही सांगितली, आधी विचारलं, "पहले ये बताव, घुटने कैसे हैं उनके?" मग कॉटच्या पायाखाली लाकडी ठोकळे ठोकून दिले, उठताना आज्जीला जोर लागू नये म्हणून, आणि खाली तिची पेटी पण बसली. असं कुणी विचारत नाही हो चाचा. दान देणारे बरेच असतात, घरातला मोडका सोफा गच्चीवरून उतरवून देतात, तो दहा बाय दहाच्या खोलीत मावत पण नाही.

नीट, जेईईच्या क्लासची पोरं परीक्षा झाली की गावाकडं निघतात, कॉट, टेबल, कूलर मिळेल त्या भावात विकून जातात. तुमचा धंदाच तो, त्यावर नफा कमवायचा तुमचा हक्क आहे. तरी त्यातलं चांगलं तुम्ही आमच्यासाठी बाजूला काढता. लोखंडी कॉट उन्हात टाकून सांध्यासांध्यात उकळतं पाणी ओतता, ढेकणाचं लाकूड असलं तर फुकट पण देत नाही, गादीतला कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घेता. त्या आठवीतल्या पोरीला दिलेल्या टेबलावर कुण्या पोरानं रसायनशास्त्राचा तक्ता चिकटवलेला होता, तुम्ही खरवडायला निघालात तर ती म्हणाली राहू द्या. आता तिला निम्मी मूलद्रव्यं तोंडपाठ आहेत, आईला भाकरी थापता थापता ऐकवत असते.

अजून एक सांगायचंच आहे. तुम्ही कुणाला कधी फोटोसाठी उभं केलं नाही. दुकानात बोलावता, चहा पाजता आणि म्हणता, "पसंद करो." ज्या माणसानं वर्षानुवर्षं दुसऱ्यानं दिलेलंच घेतलं तो मांडणी हलवून बघतो, ही नको ती द्या म्हणतो, आणि तुम्ही खरंच ती दुसरी काढून देता, वर टेम्पोवाल्याचं भाडं पण तुमच्याच गल्ल्यातून. मला तेव्हा बोलता येत नाही म्हणून इथं लिहितेय. लई लई आभार चाचा, आणि चाचीचे पण, कारण तुम्ही दिलेल्या पाण्याच्या ड्रममधले दोन तर त्यांच्या अंगणातले होते.

लातूरकरांनो, तुमच्याकडं झाकणाचा ड्रम, चालू टेबल फॅन, मांडणी असलं काही असेल आणि तुम्ही स्वतः वापराल इतकं धड असेल तर निवाऱ्यावर कळवा. आणि चाचा, पावसाळ्याच्या आत अजून एक जोडपं खोलीवर चाललंय, नवऱ्याला कमरेचा त्रास आहे, कडक गादी असली तर ठेवा. रविवारी दोघांना घेऊन येते, पसंत तेच करतील.