नांदेडच्या इस्त्रीवाल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्हीही आमचं विचारलं नाहीत. मृग लागून चार दिवस झाले होते, दुपारचे दीड-दोन वाजले असतील. अर्धापूरच्या रस्त्याला लागायच्या आधी, आतल्या गल्लीत, लिंबाच्या झाडाखाली आमची गाडी उभी होती आणि मागच्या सीटवर माझी आई डोळे मिटून पडली होती. तुम्ही दुकानाच्या दारातून ओरडलात, "कामून गाडीत बसवून ठेवलंव ओ म्हातारीला? आत आणा की!" तिची लेक मी.

आम्ही लातूरहून माहूरला निघालो होतो, रेणुकामाईच्या दर्शनाला. आईचं वय 72. किती वर्षांपासून तिच्या मनात होतं. गाडीत मी, माझे मालक, दोन लेकरं आणि आई. लोह्याजवळ गाडीचा एसी बंद पडला. आम्हाला वाटलं, ऊन काय आपल्याला नवं आहे? मे महिन्यात लातुरात 42 अंश काढलेत. पण लातूर बालाघाटाच्या पठारावर, सुमारे 600 मीटर उंचीवर. तिथलं ऊन कोरडं, सावलीत बसलं की घाम वाळतो. नांदेड खाली गोदावरीच्या काठाला. त्या दिवशी आभाळ भरून आलेलं, वारं पार पडलेलं, पाऊस मात्र नाही. मोबाईल 39 अंश दाखवत होता आणि अंगावरचा घाम वाळायचं नाव घेत नव्हता. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही, हे शाळेत वाचलेलं मला आईकडं बघून कळलं. आधी ती बोलत होती, मग गप्प झाली, मग ओकारी आली, मग पाण्याची बाटली तोंडाला लावली तरी नको म्हणून मान फिरवायला लागली.

तुमच्या दारात यायच्या आधी आम्ही दोन दारं वाजवली होती.

पहिलं एका मोठ्या हॉटेलचं. आत थंडगार, पाच-सहा सोफे, सगळे रिकामे. मी म्हणाले, खोलीचं भाडं देते, खोली तयार होईपर्यंत आईला सोफ्यावर आडवी होऊ द्या. काउंटरवरच्या माणसानं आईच्या ओल्या पदराकडं बघितलं आणि म्हणाला, मॅडम, आमच्या गेस्टला बरं दिसत नाही. मला ते वाक्य अजून झोपू देत नाही. माझी आई कुणाला बरी दिसत नव्हती.

दुसरा एक खाजगी दवाखाना. डॉक्टर जेवायला गेलेत, चार वाजता या. मी विचारलं, तोवर पंख्याखाली बसू का? तर शटर अर्धं ओढलेलंच होतं, ते त्यानं पूर्ण ओढलं.

आणि मग तुम्ही.

तुमचं दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली. वर पत्रा, एक टेबल, कोळशाची इस्त्री आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे ढीग. तुम्ही पहिलं काय केलं असेल, तर पेटलेली इस्त्री उचलून बाहेर अंगणात नेऊन ठेवली. खोलीतली धग कमी व्हावी म्हणून. मग बाज ओढलीत, फळीवरचा पंखा खाली घेतलात, आईचे पाय उशीवर ठेवलेत. ड्रममधून दोन बादल्या पाणी काढलंत आणि फडकी भिजवून तिच्या मानेवर, काखेत, तळपायांवर ठेवत राहिलात. ताई, 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ना, तेव्हा आम्ही लातुरातच होतो. ड्रममधली बादली कशी मोजून काढतात ते मला ठाऊक आहे. तुम्ही मोजली नाहीत.

पण हे पत्र मी पाण्यासाठी लिहीत नाहीये.

आईची शुद्ध थोडी परत आली तेव्हा तिला कळलं की तिची साडी खराब झालीय. गाडीतच झाली होती. मला कळलं नव्हतं, यांनाही नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि नंतर दाराकडं, जिथं तिचा जावई उभा होता. तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. जावयासमोर डोक्यावरचा पदर कधी घसरू दिला नाही अशी बाई आहे ती. मी काही बोलायच्या आत तुम्ही यांना म्हणालात, "दादा, तुम्ही लेकरांना घेऊन चौकातून बर्फ आणा बरं. जरा मोठा आणा." हे गेले. तुम्ही दाराचा पडदा ओढलात.

मग तुम्ही तिला पुसून काढलंत, तुमचं धुतलेलं पातळ तिच्याभोवती गुंडाळलंत आणि तिच्या साडीचा खालचा भाग, निऱ्यांसकट, मोरीत साबण लावून धुतलात. मी पुढं झाले तर म्हणालात, "तुम्ही मायचा हात धरून बसा." हे बर्फ घेऊन आले. तुम्ही दारातूनच घेतलात आणि म्हणालात, "आता शहाळं बघा बरं कुठं मिळतंय का." परत गेले.

साडी वाळणार कशी? त्या हवेत रुमालसुद्धा वाळत नव्हता. तेव्हा तुम्ही अंगणातली इस्त्री आणलीत ती आत नाही, मागच्या पडवीत. निखारे फुंकलेत आणि ओल्या साडीवर इस्त्री फिरवायला लागलात. वाफ तुमच्या तोंडावर येत होती. पदरानं घाम पुसायचा, साडी पुढं सरकवायची, परत दाबायची. अर्धा तास तरी झाला असेल. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला सांगितलंत, आज होत नाहीत, उद्या या. त्या दिवशीची तुमची कमाई गेली असणार, आणि त्या उकाड्यात तुम्ही निखाऱ्यापाशी वाकून उभ्या होतात ती कुणासाठी, तर जिचं नाव माहीत नाही अशा म्हातारीसाठी.

हे शहाळं घेऊन आले तेव्हा आई बाजेवर टेकून बसली होती. अंगावर तीच साडी, घरून निघताना नेसलेली, निऱ्या नीट, पदर डोक्यावर. मालकांनी विचारलं, "आता बरं वाटतंय का?" आणि आईनं त्यांच्याकडं सरळ बघून सांगितलं, "बरंय."

पुढं सलाईन झालं, रात्री गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात मुक्काम झाला, सकाळी आम्ही माघारी फिरलो. ते सगळं नीट पार पडलं.

हे छापायच्या आधी मी आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "जावयाला कळंल." थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कळू दे. त्या बाईनं केलेलं झाकून ठेवू नको." मालकांनी वाचलं तेव्हा तेही काही वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "मला तेव्हाच वाटलं होतं, बर्फ तर तसाच राहिला आणि मला शहाळ्याला कशाला धाडलं."

आईचं माहेर किल्लारीच्या बाजूला. 1993 ला 30 सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला, त्यानंतर बाहेरगावाहून ट्रकनं कपडे आले. आईच्या भावजयांनी त्यातली लुगडी नेसून दिवस काढले. देणारे चांगलेच होते, त्यांच्याविषयी ती कधी वावगं बोलली नाही. पण ती सांगते, रांगेत हात पुढं करताना मान खाली जायची. परवा म्हणाली, "या बाईनं मान खाली जाऊच दिली नाही." अशी माणसं अजून आहेत, गल्लीबोळात, पत्र्याच्या खोल्यांत, आणि त्यांना आपण काही वेगळं केलं असं वाटतसुद्धा नाही. मी पैसे काढले तेव्हा तुम्हाला खरंच कळलं नाही मी काय करतेय ते. "कशाचे?" असं विचारलंत.

एक राहिलं. दवाखान्यात जाताना साखर-मिठाचं पाणी घालून तुम्ही स्टीलचा तांब्या दिला होतात, तो आमच्यासोबत लातूरला आलाय. पेरण्या उरकल्या की आम्ही परत माहूरला निघणार आहोत, या वेळी भल्या पहाटे, आणि आधी तुमच्याकडं. तांब्या रिकामा परत द्यायचा नाही असं आईचं म्हणणं आहे. शेंगदाण्याचे लाडू करायचं ठरलंय, तांब्याच्या तोंडातून जातील असे बारीक वळायचे.

तुमची,
त्या म्हातारीची लेक