यंदाच्या माझ्या आवडत्या अल्बमांबद्दल, काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही ‘चहा घे बे’ म्हणून विषय बदलता. म्हणून यावेळी सगळ्यांदेखत लिहितोय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण सोलापूरच्या नव्या पेठेत ज्यांनी कधीकाळी रेडिओ किंवा टेप दुरुस्तीला दिला असेल, ते तुम्हाला ओळखतीलच.

डिसेंबर आला की वर्षभरात मनात ठाण मांडून बसलेल्या अल्बमांची यादी करायची, ही माझी कॉलेजपासूनची सवय. यंदाची यादी तयार झाली आणि लक्षात आलं, की एक सोडला तर त्यातला प्रत्येक अल्बम मी आजोबांच्या रेकॉर्ड प्लेअरवर ऐकलाय. तो प्लेअर तुम्ही चालू केलात. म्हणजे ही यादी जितकी माझी, तितकीच तुमचीही.

आजोबा गेल्यापासून तो फिएस्टा प्लेअर माळ्यावर पडून होता. ज्यांना ज्यांना दाखवला त्यांनी ‘भंगारात द्या, नवीन घ्या’ एवढंच सांगितलं. तुम्ही दुकान बंद करून किती वर्षं झाली असतील, तरी पेटी उघडून आधी नुसता वास घेतलात आणि म्हणालात, ‘मोटर जळलेली नाही.’ मग तबकडी फिरवणाऱ्या चाकाचं रबर दगडासारखं झालंय हे दाखवलंत, मोटरला तेल दिलंत, गेलेला कंडेन्सर बदललात आणि सुई कुठून कुठून शोधून आणलीत. पैसे घेतलेत ते फक्त सुईचे. माळ्यावरच्या रेकॉर्ड्स खाली आणायला लावल्यात तेही बरं झालं. सोलापूरचा मे महिना, वर पत्रा, आणि आडव्या थप्प्या. अजून दोन उन्हाळे गेले असते तर त्यातल्या निम्म्या वाकल्या असत्या. आता सगळ्या कपाटात उभ्या आहेत, आणि वाजवण्याआधी मऊ कापडाने पुसतो तेही रेघांच्या दिशेनेच.

पण मला आभार मानायचेत ते दुरुस्तीपेक्षा एका अटीबद्दल. प्लेअर परत देताना तुम्ही म्हणालात, ‘सुई एकदा ठेवली की बाजू संपेपर्यंत उचलायची नाही बे.’ मोबाइलवर आवडलं नाही की पुढचं, आवडलं की तेवढंच पुन्हा, असं ऐकायची आम्हाला सवय. बाजू म्हणून काही असतं, ती कुणीतरी विचार करून लावलेली असते, हे मला यंदा कळलं.

पहिला नंबर उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या १९६० सालच्या रेकॉर्डचा. एका बाजूला मारवा राग, दुसऱ्या बाजूला दरबारी. आजोबांकडे ही नव्हतीच, ती तुम्ही तुमच्यातली दिलीत आणि बजावलंत, ‘मारवा दिवेलागणीलाच लाव.’ तेव्हा तुम्ही सांगितलेलं अजून डोक्यात आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची. त्यामुळे गवयाला अख्खा राग त्या साडेतीन मिनिटांत आटवावा लागायचा. लाँग प्ले आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळायला लागली. ज्या गवयाचं सगळं गाणंच सावकाश उलगडण्यात आहे, त्याला ही जागा मिळाली नसती तर आपल्या हाती काय लागलं असतं?

मारव्यात पंचम, म्हणजे ‘प’, नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, येऊन टेकणं जितकं लांबवता येईल तितकं लांबवायचं. मी गाणं शिकलेलो नाही, ही नावं तुमच्याकडूनच कळली. पण न शिकलेल्या कानालाही ते अधांतरी राहणं जाणवतं. आमच्या गल्लीत समोरच्या कारखान्यात मागांची खडखड संध्याकाळीही थांबत नाही. पहिल्यांदा वाटलं, यात कसलं विलंबित, संथ लयीतलं गाणं ऐकणार! पण अतिविलंबित झूमरा तालात दोन मात्रांच्या मधे इतकी मोकळी जागा आहे, की मागाचे कितीतरी ठोके त्यात पडून जातात आणि खाँसाहेब तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. षड्ज लागतो तेव्हा मी खरोखर सुटकेचा श्वास सोडतो. आई आता विचारायला लागलीय, ‘आज मारवा नाही का?’ आमच्या घरात कानडी, तुमच्या घरात तेलुगू, आपलं बोलणं मराठीतलं आणि खाँसाहेब इंदूरचे. सोलापुरात यात कुणाला काही विशेष वाटत नाही, मला मात्र हे फार आवडतं.

दुसरी ‘कॉल ऑफ द व्हॅली’, १९६७ची. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. यातले तुकडे मी लहानपणापासून ऐकतोय, लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा. पण ही काश्मिरातल्या एका मेंढपाळाच्या दिवसाची गोष्ट आहे आणि पहाटेच्या अहिर भैरवापासून निघून नट भैरव, पिलू, भूप, देस करत शेवटी पहाडीला पोचते, हे सलग ऐकल्याशिवाय कळत नाही. क्रम मोडला की दिवसच मोडला. माझं मन गुंतलंय ते काबरांच्या गिटारीत. संतूर आणि बासरीचं कौतुक सगळे करतात, ते योग्यच आहे, पण त्या गिटारीची मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, ऐकताना हे वाद्य बाहेरून आलंय यावर विश्वास बसत नाही. तिच्याबद्दल कुणीतरी भरभरून लिहायला हवं.

किशोरीताई आमोणकरांच्या भूप आणि बागेश्रीच्या रेकॉर्डबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण तिच्याबद्दल लिहायला बसलो की शब्द कमी पडतात. पाच स्वरांत इतकं असतं? ‘दोन्ही बाजू एकाच दिवशी ऐकू नकोस,’ असं तुम्ही म्हणाला होतात. आजवर पाळलंय.

कुमारजींची, म्हणजे कुमार गंधर्वांची, ‘त्रिवेणी’ तुम्ही दिलीत तेव्हा मी तापातून उठलो होतो. कबीर, सूरदास आणि मीरा, तिघांची पदं एका अल्बममध्ये. क्षयाने एक फुफ्फुस निकामी झालेला माणूस हे गातोय, असं तुम्ही आधी सांगितलं नाहीत, ऐकून झाल्यावर सांगितलंत. हा तुमचा मोठेपणा. आधी कळलं असतं तर मी कौतुकाने ऐकलं असतं. तसं झालं नाही, मी नुसतं गाणं ऐकलं. सूर अर्ध्यात तुटल्यासारखा वाटतो आणि पुढे नेमक्या जागी सापडतो, ते मला फार आवडलं होतं. त्यामागचा श्वास नंतर समजला.

भीमसेन जोशींची कानडी दासपदांची, म्हणजे हरिदास संतांच्या भक्तिपदांची, रेकॉर्ड आजोबांची. ती माझ्या यादीत आली ती आजीमुळे. आजीला हल्ली नावं आठवत नाहीत, पण पुरंदरदासांचं पद सुरू झालं की पुढची ओळ ती आधी म्हणते. तो आवाज आमच्या घरात पुन्हा आला तो तुमच्यामुळे. हे मी तुम्हाला घरी येऊन सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही चष्मा पुसत बसलात. पुन्हा सांगतो.

आता तो एक सोडलेला अल्बम. ‘शक्ती’ या बँडचा २०२३चा ‘धिस मोमेंट’. हा मी तुम्हाला ऐकवला. इयरफोन कानात घालायला तुम्ही तयार नव्हता, ‘गाणं खोलीत पाहिजे’ हे तुमचं ठाम मत. तरी माझ्यासाठी घातलेत आणि शेवटपर्यंत काढले नाहीत. अटच तशी होती ना! १५ डिसेंबर २०२४ला यात तबला वाजवणारे झाकीर हुसेन गेले, तेव्हापासून मला हा अल्बम एकट्याने ऐकवत नव्हता. त्याला २०२४च्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं होतं, तेव्हा आम्ही मित्रांनी सात रस्ता चौकात पेढे वाटले होते आणि त्याच वर्षी डिसेंबरात ही बातमी आली. तुम्ही सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारलात, ‘खंजिरा कोण वाजवतंय?’ (खंजिरा म्हणजे डफासारखं छोटं तालवाद्य.) मी सेल्वागणेश म्हणालो. तुम्ही लगेच, ‘विनायकरामचा पोरगा?’ आणि आतून जुन्या शक्तीची कॅसेट काढून आणलीत, ज्यात बापाचा घटम्, म्हणजे वाजवायचा मातीचा घट, आहे. मग बापाचा हात आणि मुलाचा हात आपण रात्री उशिरापर्यंत आलटून पालटून ऐकत बसलो. काकू दोनदा उठून बघून गेल्या. यादीत या अल्बमची जागा त्या रात्रीसकट आहे.

काका, तुम्ही मला काय आवडावं हे एकदाही सांगितलं नाहीत. वेळ सांगितलीत, बाजू सांगितलीत आणि ऐकून होईपर्यंत समोर गप्प बसलात. माझ्या ओळखीत संगीत कळणारी माणसं पुष्कळ आहेत, पण सोबत बसून गप्प राहणारे तुम्ही एकटेच. त्याबद्दल मनापासून आभार.

आणि एक काम. सोलापूरच्या सिद्राम जाधवांचं सुंदरीवादन तुमच्या एका टेपवर आहे असं तुम्ही म्हणाला होतात. शहनाईपेक्षा इतकं लहान वाद्य, ते आपल्या गावच्या माणसाने मैफलीत नेलं, आणि मी ते नीट बसून ऐकलेलं नाही. टेप चिकटली असेल तर ती सोडवायला तुम्हाला हाताखाली माणूस लागेल. गड्डा यात्रेची गर्दी ओसरली की रविवारी सकाळी येतो. येताना काकूंसाठी शेंगाचटणी आणतो, आईने कुटायला घेतलीय. तुमचीही यंदाची यादी कागदावर लिहून ठेवा, तोंडी चालणार नाही.

तुमचा,
फिएस्टावाला