मज्जारज्जूच्या रुग्णांचा व्हिडिओ कॉल कसा असावा?

महोदय,

मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालची किंवा मानेखालची हालचाल गेलेल्या रुग्णाला जुन्नर-भोरहून तपासणीसाठी पुण्यात आणायचे, तर काही तास गाडीच्या सीटवर एकाच जागी बसवावे लागते. संवेदना नसल्याने त्याला दुखत नाही, आणि घरी परतल्यावर बैठकीच्या हाडावर नवा डाग, म्हणजे दाबाने होणाऱ्या जखमेची सुरुवात, दिसते. म्हणून पुनर्वसनाचा बराच भाग व्हिडिओ कॉलवर व्हायला हवा. केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०२० पासून आहेत, ई-संजीवनी ही सरकारची ऑनलाइन वैद्यकीय सल्ल्याची सेवाही आहे. मात्र ‘व्यायाम चालू आहेत ना?’ एवढे विचारून कॉल संपला, तर तो न केल्यासारखाच.

सुरुवात त्वचेपासून करावी. बैठकीची हाडे, माकडहाड, खुबे आणि टाचा यांचे फोटो कॉलच्या आधी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून आणि शेजारी एक नाणे ठेवून काढावेत. फ्लॅशने लाली पुसट होते आणि नाण्याशिवाय डागाचा आकार कळत नाही. सावळ्या त्वचेवर लाली दिसेलच असे नाही. तिथे घरच्यांनी हात लावून जागा गरम किंवा कडक लागते का ते सांगावे. बोटाने दाबून सोडल्यावर रंग फिका पडत नसेल, तर डाग जाईपर्यंत त्या जागेवर अजिबात भार नको. हे फोटो खासगी असतात, ते घरच्या ग्रुपवर फिरू नयेत.

खुर्चीत बसल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी भार काढायचा असतो. हातांवर जोर देऊन दहा सेकंद उचलणे पुरत नाही. दबलेल्या भागात रक्तपुरवठा पूर्ववत व्हायला साधारण दोन मिनिटे लागतात. शिवाय असे वारंवार उचलण्याने खांदे झिजतात. त्यापेक्षा ब्रेक लावून, छाती मांड्यांकडे नेत पुढे वाकावे. त्याआधी खुर्ची थोडी मागे घेतली की पुढची लहान चाके पुढच्या दिशेला वळतात आणि खुर्ची उलटण्याचा धोका कमी होतो. खुर्चीतून पलंगावर जाणे बघताना फोन घरच्यांच्या हातात नको, कारण त्यांचे दोन्ही हात रुग्णासाठी मोकळे हवेत. पलंगाच्या उंचीवर, बाजूने, सहा-सात फुटांवर तो टेकवून ठेवावा. नितंब चाकाला घासतात का, हे तिथूनच दिसते.

मानेच्या सी-६ (मज्जारज्जूचा मानेतला सहावा भाग) पातळीच्या इजेत तर घरच्यांची मायाच नडते. बोटे आखडू नयेत म्हणून मनगट मागे वळवून बोटेही सरळ ताणली जातात. या रुग्णाला मनगट उचलल्यावर आपोआप मिटणाऱ्या बोटांनीच पेला धरता येतो; बोटांचा हा आखडलेपणा ताणून सैल केला की ही पकड कायमची जाऊ शकते. मनगट वर असताना बोटे मिटलेली आणि मनगट खाली असताना बोटे सरळ, असाच व्यायाम द्यावा. हे कॅमेऱ्यासमोर करून घेतल्याशिवाय कॉल संपवू नये.

लघवी आपोआप होत नसलेल्या रुग्णाला नळी दर चार ते सहा तासांनी घालून लघवी काढायची आणि एका वेळी ५०० मिलीपेक्षा जास्त लघवी साठू द्यायची नाही. वेळ आणि माप लिहिलेली वही कॉलवर दाखवावी.

पाठीच्या टी-६ (मज्जारज्जूचा छातीमागचा सहावा भाग) किंवा त्यावरच्या इजेत एकाएकी ठणकणारी डोकेदुखी, चेहऱ्यावर लाली आणि घाम आला, तर तो रक्तदाब धोकादायक वाढल्याचा इशारा असू शकतो; कॉलची वाट बघू नये. रुग्णाला ताठ बसवावे, पाय खाली सोडावेत, पट्टा आणि कपडे सैल करावेत. नळी लावलेली असेल तर ती मुडपली आहे का, मूत्राशय भरले आहे का, मग शौच अडली आहे का ते बघावे. दर दोन ते पाच मिनिटांनी रक्तदाब मोजावा. या रुग्णांचा नेहमीचा वरचा आकडा ९० ते ११० असतो, त्यामुळे १४० हाही त्यांच्यासाठी धोक्याचा आहे. कारण सापडत नसेल किंवा आकडा १५० च्या वर राहिला, तर थेट रुग्णालय.

संवेदनांची पूर्ण तपासणी, खुर्ची-गादीचे पहिले माप आणि सुजलेली पोटरी यांसाठी प्रत्यक्षच यायला हवे.

पुण्यातल्या रुग्णालयांना विनंती, की पहिला व्हिडिओ कॉल डिस्चार्जपूर्वी वॉर्डातूनच, त्याच फोनवर आणि घरी सांभाळणाऱ्या व्यक्तीसोबत करून बघावा. खडकीचे पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळे पडलेल्यांचे) पुनर्वसन केंद्र १९७४ पासून जखमी जवानांसाठी काम करत आहे. तिथला अनुभव वापरून जिल्हा परिषदेने आशा सेविकांना प्रशिक्षण द्यावे आणि ई-संजीवनीवर या रुग्णांसाठी आठवड्यातला एक वार राखून ठेवावा.

— मज्जारज्जू पुनर्वसनात काम करणारे फिजिओथेरपिस्ट, पुणे