बाबांचा गळा आणि येणारा सीझन

नागपूर,
तान्हा पोळा

तीर्थरूप बाबा आणि आईस,
बेबीचा शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, सोनूच्या मोबाइलवरून तुम्ही पाठवलेले चारही फोटो पाहिले. समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि चौथा मान वर करून. चौथा काही कामाचा नाही. मान वर केली की कुणाचाही गळा तरणा दिसतो. खाली पाहून काढायचा होता. फोटोंखालचं तुमचं वाक्यही वाचलं: 'बेबे, गरा लोंबून रायला. दिवाळीच्या आत काही होते का?'

फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही माझं अर्धं ऐकता आणि उरलेल्या अर्ध्यात, झाडीपट्टीच्या रंगभूमीचे नट ना, स्वतःचे संवाद घालता. कागदावर लिहिलेलं मात्र चाळीस वर्षं इमानानं वाचत आलात. आई, चष्मा सापडत नाही म्हणाले तर तू मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

आधी माझी चूक सांगते. 2014 मध्ये तुमचं फेसलिफ्ट झालं तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमध्ये नवीनच होते. स्टाफच्या घरचा माणूस म्हणून बिलात सूट मिळाली, त्याचाच मला कोण आनंद. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "चेहरा आठ-दहा वर्षं बरा राहील, पण गळा आधी सैल होईल. वडिलांना याची कल्पना द्या." तुम्ही तेव्हा वॉर्डातल्या पेशंटांना तिसऱ्या अंकातलं स्वगत ऐकवत होता. तुमचा तो चेहरा पाहून माझी जीभ रेटली नाही. उद्या सांगू म्हटलं, आणि त्या उद्याला अकरा वर्षं झाली. म्हणून आज तुम्हाला वाटतंय की ऑपरेशन 'उतरलं'. ते उतरलेलं नाही. तुमचे गाल, कानाजवळची रेघ अजून जागेवर आहेत. हे ऑपरेशन झालं नसतं तर आज काय असतं, ते काकांकडे पाहिलं की कळेल. ते तुमच्याहून दोन वर्षांनी लहान आहेत. (आई, हे वाक्य काका आले असतील तर वाचू नकोस.)

मग गळाच का? लोकांना वाटतं फेसलिफ्ट म्हणजे कातडी ताणून शिवली. नुसती कातडी ताणली तर ती काही महिन्यांत पुन्हा सैल पडते, ताणलं जाणं हा तिचा धर्मच आहे. म्हणून कातडीखाली जो एक चिवट पडदा असतो, तो उचलून टाके घालून बसवतात. त्याला स्मास म्हणतात. 1976 मध्ये दोन फ्रेंच डॉक्टरांनी तो नीट वर्णन करून दाखवला, तेव्हापासून या ऑपरेशनची रीतच बदलली. हाच पडदा गळ्यात उतरला की तिथं पातळ स्नायू होतो, प्लॅटिस्मा. जबड्यापासून खाली छातीच्या वरच्या भागापर्यंत पसरलेला. वय झालं की हनुवटीखाली त्याच्या दोन कडा एकमेकींपासून सुटतात आणि दोरीसारख्या उभ्या राहतात. तुमच्या दुसऱ्या फोटोत हनुवटीपासून खाली दोन रेघा दिसतात ना, त्या याच.

वरची कातडीही थकलेली आहे. सगळे पावसाळे भाताच्या बांधीत उघड्या गळ्यानं काढलेत. उन्हानं कातडीतला लवचिक धागा तुटतो तो परत जुळत नाही. त्यात जबड्याचं हाड वयानं झिजतं, आणि दात काढले की जास्तच झिजतं. तुमच्या चार दाढा गेल्या, कशानं गेल्या ते मी पुढं लिहिणारच आहे. मंडपाचा बांबू आखूड झाला की कनात लोंबणारच. कापडाला शिव्या देऊन उपयोग नाही.

आता तुम्ही जाहिरात पाठवलीत त्या धाग्यांबद्दल. कातडीखाली काटेरी धागे ओवून वर ओढतात, अर्ध्या तासात घरी सोडतात, हे खरं. पण ते धागे विरघळणारे असतात, साधारण सहा महिन्यांत संपतात, आणि धरलेला ताण त्यानंतर फार टिकत नाही. तेही तिशी-चाळिशीतल्या, जराशा सुटलेल्या गालाला. तुमच्या गळ्यावर जेवढी कातडी जास्त झाली आहे ती धाग्यानं उचलणं म्हणजे भिजलेली सतरंजी शिवणाच्या दोऱ्यावर वाळत घालणं. शिवाय गळ्याची कातडी पातळ, धागा वरून दिसतो, हाताला लागतो. आमच्याकडे असे दुसरीकडे घातलेले धागे काढून घ्यायला लोक येतात.

अल्ट्रासाउंड आणि रेडिओफ्रिक्वेन्सीची यंत्रं आहेत, कातडीच्या आत उष्णता देऊन ती आवळतात. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि तो थोडाच असतो. सुरुवातीच्या सैलपणाला ठीक. चरबी विरघळवणारं इंजेक्शन तर तुमच्यासाठी उलटंच पडेल. तुमच्या हनुवटीखाली चरबी नाहीच, रिकामी पिशवी आहे, आणि पिशवीतलं आणखी काढलं की ती जास्त लोंबते. क्रीमबद्दल काय लिहू, आईच्या खोबरेल तेलाहून महाग असतात एवढंच. आणि सकाळी मान वर करून ओठ ताणायचा जो व्यायाम सुरू केलाय म्हणे, तो बंद करा. त्यानं त्या दोन दोऱ्याच घट्ट होतात.

बोटॉक्सचं मात्र नीट ऐका, कारण ते कुणीतरी तुम्हाला सुचवणारच. त्या दोन दोऱ्यांत इंजेक्शन दिलं की स्नायू सैल पडतो आणि दोऱ्या तीन-चार महिने मऊ दिसतात. म्हणजे बरोबर तुमच्या नाटकांचा एक सीझन. तुमच्या डोक्यात हेच येईल म्हणून आधीच सांगते. सैल कातडी त्यानं तशीच राहते. आणि औषध जास्त झालं किंवा आत उतरलं तर गिळायला त्रास होतो, आवाज बसू शकतो. आपल्या झाडीपट्टीच्या परशुराम खुण्यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पेढे वाटत तुम्हीच म्हणाला होता ना, की झाडीचा नट मागच्या बोऱ्यावर बसलेल्या माणसाला आवाजानं धरतो? मग त्या आवाजाच्या इतक्या जवळ सुई कायले?

राहिलं ऑपरेशन. दोन तऱ्हा आहेत. पहिली, मागच्यासारखंच पुन्हा कानामागून. जुन्या व्रणांतून आत जायचं, पूर्ण भूल द्यायची. पहिल्या वेळी मोकळे असलेले थर आता एकमेकांना चिकटलेले असतात, त्यातून वाट काढताना नसांना धोका. मागच्या वेळी कानाची पाळी चार महिने 'दुसऱ्याची वाटते' म्हणत होता, ती ज्या नसेमुळे, तीच नस पुन्हा वाटेत येणार. पुरुषांत या ऑपरेशननंतर कातडीखाली रक्त साचण्याचं प्रमाण बायकांपेक्षा जास्त असतं. दाढीच्या मुळांमुळे तिथं रक्तपुरवठा भरपूर. बीपी चढलेलं असेल तर विचारूच नका, आणि तुमचं गेल्या महिन्यात 160 होतं. शिवाय दाढीची कातडी आणखी मागं सरकणार. आत्ताच तुम्हाला कानामागं वस्तरा फिरवावा लागतो. पहिल्यांदा ते कळलं तेव्हा आई चूल सोडून हसत अंगणात गेली होती, आठवतं? माझं मत विचाराल तर ही वाट नको.

दुसरी तऱ्हा कमी लोकांना माहीत असते, आणि ती तुमच्यासारख्या वयस्क पुरुषांसाठीच जास्त वापरतात. गळ्याच्या मधोमध, समोरूनच, जास्तीची कातडी कापून काढायची. त्याच खिडकीतून स्नायूच्या सुटलेल्या दोन कडा एकत्र शिवायच्या. जागा बधिर करून, थोडं झोपेचं औषध देऊन होतं. व्रण सरळ उभा ठेवत नाहीत, नागमोडी ठेवतात, कारण गळ्यावरचा सरळ उभा व्रण आकसून दोरीसारखा ताठतो आणि मान वर करताना ओढतो. टाके साधारण आठवड्यात निघतात. व्रण काही महिने लाल राहतो, पुरता फिका पडायला वर्षही लागतं. बायकांना समोरचा व्रण नको असतो. पुरुषाचा दाढीत मुरतो. कानामागचे तुमचे जुने व्रण मी दिवाळीत पाहिले होते, जाड झालेले नाहीत, म्हणजे तुमची कातडी बरी भरते. हे झालं तर गळा विशीचा होणार नाही, पण सदऱ्याच्या कॉलरवर लोंबणारही नाही. मला पटतं ते हेच. निर्णय अर्थात सर्जन तुम्हाला हात लावून पाहतील तेव्हा.

खर्च आपल्यालाच करायचा आहे. दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला ना आयुष्मान, ना फुले योजना.

आणि आता खर्रा, तंबाखू-सुपारीचा तो घोटा, ज्यानं तुमच्या चार दाढा गेल्या. बाबा, कागद खाली ठेवू नका.

तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. बिडीतलं असो की प्लास्टिकवर घोटलेल्या खर्र्यातलं, रक्तात गेलं की काम एकच. ऑपरेशनमध्ये कातडी खालच्या थरापासून सुटी केलेली असते, ती कडेकडेच्या बारीक वाहिन्यांवर जगते. त्याच आवळल्या की कातडी काळी पडते, मरते, आणि तिथं लोंबणाऱ्या गळ्याऐवजी जखम मिळते. मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते. दुसरं म्हणजे सुपारीनं तुमचं तोंड पूर्वीएवढं उघडत नाही. आई म्हणाली, भाकरीचा तुकडा मोडून लहान करावा लागतो. हे भूलवाल्या डॉक्टरांना कळलं की ते पहिले घाबरतात, कारण गरज पडली तर नळी तोंडातूनच घालायची असते. आणि हे गळ्याच्या आधी दंतवैद्याला दाखवायचं आहे, ते ऑपरेशन करा किंवा न करा. असं आखडलेलं तोंड पुढं कॅन्सरकडे जाऊ शकतं, झाडीत घराघरांत बघतो आहोत.

तर खर्रा ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी बंद आणि नंतर चार आठवडे बंद, हे डॉक्टरांचं. माझं वेगळं आहे: आजपासून बंद. 'सोडला' म्हणून मला डोळे भरून सांगाल आणि मी फसेनही, पण लघवीत कोटिनिन, म्हणजे निकोटिनचा मागे उरलेला अंश, तपासतात. तिथं अभिनय चालत नाही.

इकोस्प्रिनची, रक्त पातळ ठेवणारी गोळीही परस्पर बंद करू नका. कधी थांबवायची की नाहीच, ते लिहून देणारे डॉक्टर ठरवतील.

दिवाळीच्या आत काहीही होणार नाही. भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडईच्या जत्रा, शंकरपटाच्या बैलशर्यती, रात्री दहाला पडदा उघडून पहाटे पडणारी नाटकं, कंपनीच्या वडशाच्या ऑफिसातून बुकिंगचे फोन. टाके घातलेला गळा घेऊन रात्रभर किंचाळता येत नाही. होळीनंतर या. या सीझनला टोपाखाली टेप लावा, मी पाठवते आहे. कानाच्या वर चिकटवून मागं इलॅस्टिकनं ताणायची, फक्त प्रयोगापुरती. काढताना ओढून काढू नका, तेल लावून सोडवा, नाहीतर कातडी सोलते. जबड्याखाली रंगाची एक गडद छटा द्या. मेकअपवाला नवीन असेल तर त्याला शिकवा, तुम्हीच मला शिकवलं होतं: उजेड वर, सावली खाली.

आई म्हणते, यंदा कंपनीनं तुम्हाला नायकाच्या बापाचं काम दिलंय आणि तेव्हापासून आरसा सुरू झाला. मला त्या कामाबद्दल काही बोलायचं नाही, ते तुमचं क्षेत्र. फक्त संहिता मला पाठवा, वाचायची आहे.

आई, तुझ्यासाठी वेगळं लिहिणार होते. परवा फोनवर हळूच विचारलंस, "आन बाईमाणसाले जमते का हे?" आणि लगेच फोन ठेवलास. जमते. तू ये, आपण दोघी बसून बोलू, बाबांना बाहेर चहाला पाठवू. सर्जनला भेटायला पैसे पडत नाहीत, मी तिथंच असते.

आज इकडे मारबतीची, गावातली पीडा घेऊन जाणाऱ्या त्या पुतळ्यांची, मिरवणूक होती. महालातून ड्यूटीला यायला दीड तास लागला. पोरं 'घेऊन जा गे मारबत' ओरडत होती, मीही गर्दीत उभी राहून एकदा ओरडले, 'खर्रा घेऊन जा गे मारबत!' शेजारच्या म्हाताऱ्यानं गालातला तोबरा सांभाळत माझ्याकडे पाहिलं.

होळीनंतर येताना 2014 ची फाइल आणा. ती लोखंडी पेटीत आहे, राजाच्या पोशाखाखाली. ब्रह्मपुरीवरून सकाळची बस धरा, नागभीड-उमरेड करत दुपारपर्यंत पोचाल. बीपीची वही रोज भरा. आई, भरलेली दिसली नाही तर मला सांग.

तुमची,
बेबी